पाणी लागल्याचे पेढे

आमच्याकडे बोअरला पाणी लागलं की पेढे वाटतात. मुलगा झाला, पोरगं नोकरीला लागलं आणि बोअरला पाणी लागलं, एवढ्याच बातम्यांना हल्ली घरी खोकं येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुरंदरला माहेरी होते, तेव्हा शेजारच्या नानांनी बोअर घेतला. तामिळनाडूच्या नंबरप्लेटची गाडी आदल्या दिवसापासून फाट्यावर उभी होती. तिरुचेंगोडे हे गाव नकाशात दाखव म्हटलं तर आमच्या गावात कुणाला दाखवता येणार नाही, पण अशा गाड्यांच्या दारांवर वाचून वाचून नाव सगळ्यांना पाठ आहे. जेवणं उरकली आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. मग झोप कसली. खिडकीची तावदानं थरथरत होती, डिझेलचा वास पार उशीपर्यंत आला होता आणि आईनं गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर दगडाचं करडं पीठ बसत होतं. मध्यरात्री उठून ती त्यांच्यावर जुनं लुगडं टाकून आली. गाडीवरचा पोरगा दर पाइपानंतर आतून उडालेल्या भुकटीचा एकेक लहानसा ढीग ओळीनं मांडत होता. आधी तांबूस मुरूम, मग काळपट, मग नुसतंच करडं. नाना खुर्ची टाकून त्या ढिगांकडे बघत बसले होते. दर फुटाला ठरलेला असतो. पाणी लागो न लागो, फुटांचे पैसे मोजावेच लागतात. पहाटे केव्हातरी आवाज बदलला. धूळ थांबली, आधी चिखल उडाला आणि त्यामागून पाण्याचा लोट. बाजेवर जागेच पडलेले माझे वडील, अण्णा, अंधारात एवढंच म्हणाले, "लागलं."

सकाळी नाना आंघोळ करून, गंध लावून आले. "अण्णा, तीन इंच लागलंय. चारशे फुटांवर." अण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि नानांचा हात हातात घेतला. "देव पावला, नाना." ते मनापासून बोलले. नानांचे आधीचे बोअर कोरडे गेले होते, अंजिराची बाग वाळायला लागली होती, थोरल्याची सोयरीक दोनदा ठरता ठरता मोडली होती. हे सगळं अण्णांना माहीत होतं. नाना गेल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि आमच्या विहिरीकडे गेले. परत आले ते काही बोलले नाहीत, आईनंही विचारलं नाही. पेढा मीही खाल्ला होता. चांगला होता, वेलदोडा घातलेला.

नानांना लागलेलं पाणी होतं कोणाचं?

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला येतं अशी समजूत आहे. फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारून चार घरं करायची. प्रश्न दोनच. एकानं वापरल्यावर दुसऱ्याला कमी पडतं का? आणि पैसे न देणाऱ्याला अडवता येतं का? भाकरी ही खाजगी वस्तू, कारण मी खाल्ली की तुला उरत नाही आणि खानावळवाला फुकट वाढत नाही. दीपस्तंभ ही सार्वजनिक वस्तू, कारण एका गलबतानं उजेड पाहिला म्हणून दुसऱ्याला तो कमी होत नाही, आणि 'तू वर्गणी दिली नाहीस, बघू नकोस' असं कुणाला सांगताही येत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी समुद्रसुद्धा पाहिलेला नसतो. तरी उत्तरपत्रिकेत दीपस्तंभ उभा राहिला की गुण पडतात. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सननं १९५४ साली इनमिन तीन पानांत या वस्तूंचं गणित मांडलं आणि त्यातली मेखही दाखवली: फुकट मिळणाऱ्या वस्तूची आपल्याला खरी किती गरज आहे, हे माणूस खरं सांगत नाही. सांगितलं तर पैसे द्यावे लागतील ना! उरलेल्या दोन घरांपैकी इथं महत्त्वाचं ते चौथं. वापरलं की कमी पडतं, पण अडवता कुणालाच येत नाही. समुद्रातले मासे, गायरान, जमिनीखालचं पाणी. हे घर मी नेहमी घंटेच्या तोंडावर उरकते, आणि मी जिथून आले ते अख्खं गाव त्याच घरात राहतं.

सॅम्युएल्सनचं म्हणणं खरं धरलं, तर आमच्या भैरवनाथाची जत्रा होताच कामा नये. रोषणाई सगळ्यांना दिसते, छबिना सगळ्यांच्या दारावरून जातो, शोभेची दारू आकाशात फुटते. वर्गणी न देणाऱ्याला मान खाली घालून बस, असं कोणी म्हणत नाही. तरी वर्गणी जमते, दर वर्षी जमते, भांडून का होईना. कारण देवळाच्या कळसाला बांधलेला कर्णा सकाळपासून नावं आणि आकडे पुकारत असतो. आपल्या घराच्या अलीकडचं नाव झालं, पलीकडचं झालं आणि मधलं राहिलं, की आईच्या हातातलं लाटणं थांबतं. यात भक्ती नाही असं मी म्हणत नाही. पण नुसत्या भक्तीवर तमाशाच्या फडाची सुपारी देता येत नाही, हेही खरं.

आजोबांच्या काळात पाण्यालाही असा एक कर्णा होता. ती विहीरच होती. तीन भावांच्या घरांत ती वाटलेली: सहा आणे आमचे, सहा आणे मधल्यांचे, चार आणे धाकट्यांचे. रुपयातून आणे गेले, पण विहिरीचे आणे खरेदीखतांतून आणि सातबाऱ्यावरून अजून जात नाहीत. पाळ्या ठरलेल्या होत्या. पाळीवरून भांडणं व्हायची, एकदा फावडं उगारण्यापर्यंत वेळ आली होती, पण कुणाच्या पाळीत किती उपसलं हे लपायचं नाही. विहिरीच्या आतल्या पायऱ्या सगळ्यांनी मोजलेल्या. "यंदा होळीलाच नववी उघडी पडली," असं कोणीतरी पारावर म्हणायचं आणि उसाचा विचार करणाऱ्याचा विचार तिथंच गार पडायचा. जाता-येता माणूस कठड्याला टेकून आत बघायचाच. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, पारव्यांच्या विष्ठेचा असा एक वास वर यायचा, हाक मारली की आपलाच आवाज जरा जाड होऊन परत यायचा, आणि त्या आवाजावरूनही आजोबा पाणी किती खाली गेलंय ते सांगायचे.

पण हे आठवताना गळा काढायला मला जमत नाही. त्या विहिरीवर कोणी चढायचं आणि कोणी लांब उभं राहून वाढप्याची वाट बघायची, हेही पायऱ्यांइतकंच पक्कं ठरलेलं होतं. अडवता येतं की नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात वस्तूच्या गुणधर्माचा असतो. आपल्याकडे तो कधीच तेवढाच नव्हता. महाडचं चवदार तळं मुंबई कायदेमंडळाच्या १९२३ च्या बोले ठरावानंतर नगरपालिकेनं सर्वांना खुलं केलेलं होतं. तळ्यात पाणी मुबलक, चार ओंजळी घेतल्यानं ते कुणाला कमी पडणार नव्हतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन तिथं जावं लागलं आणि पाणी प्याल्याबद्दल त्या माणसांनी मार खाल्ला. फळ्यावरच्या माझ्या चार घरांत हे तळं कुठं बसवायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बोअरमध्ये डोकावता येत नाही.

साडेसहा इंचांचं भोक, वर लोखंडी टोपण, शेजारी पत्र्याच्या पेटीत स्टार्टर. आत किती पाणी आहे ते शेजाऱ्याला कळत नाही, मालकालाही कळत नाही. मोटर हवा ओढायला लागली की कळतं, आणि तोवर ते सगळ्यांचंच संपत आलेलं असतं. आपला महाराष्ट्र बहुतेक सगळा काळ्या बेसॉल्टवर बसलेला आहे. या दगडात पाणी साठतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत. दर पावसाळ्यात भरतो तो हा वरचा थर. खालच्या भेगा कुठून कुठं गेल्यात ते कुणी पाहिलेलं नाही. बोअरला केसिंग (भोकात आतून बसवायची नळी) बहुधा वरच्या मुरमापुरतीच घालतात. ती आखूड पडली, तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली ओघळत राहतं. म्हणजे शेजाऱ्यानं मोटरचं बटण दाबलंच नाही, तरी तुमची विहीर उतरू शकते. पुस्तकात याला बाह्य परिणाम म्हणतात: सौदा दोघांचा आणि झळ तिसऱ्याला. नानांचा सौदा गाडीवाल्याशी झाला होता. फुटाचा दर, केसिंगचा दर, मजुरांचं जेवण, सगळं त्यात आलं होतं.

कायदाही न दिसण्यावरच उभा आहे, हे मला बरंच उशिरा वाचनात आलं. १८४३ साली इंग्लंडात एका सूतगिरणीवाल्याची विहीर जवळच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल म्हणून तो खटला प्रसिद्ध आहे. नदीला एक नियम होता, वरच्यानं खालच्याचं पाणी तोडायचं नाही. गिरणीवाला म्हणाला, तोच इथं लावा. न्यायाधीशांनी लावला नाही. नदी दिसते, जमिनीखालचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते कुणाला दिसत नाही, म्हणून ज्याची जमीन त्यानं आपल्या हद्दीत खणावं, असा त्या निकालाचा मथितार्थ. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जवळपास हेच उतरलं. पुढे महाराष्ट्रानं १९९३ मध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर नको म्हटलं, मग २००९ च्या भूजल कायद्यानं अधिसूचित क्षेत्रांत पिण्याचं पाणी सोडून ६० मीटरच्या खाली जायला मनाई केली. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आमच्या फाट्यावरच्या टपरीत दोनशे फुटांचा बोअर घेतला असं कोणी सांगितलं, तर चहा ओतता ओतता टपरीवाला हसेल.

अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगूनं १९२० साली रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांचं उदाहरण दिलं होतं. ठिणगीनं रुळाकडेचं रान जळतं, पण रेल्वेच्या जमाखर्चात त्या रानाला ओळ नसते. तेव्हा झळ लावणाऱ्यावर तेवढा कर बसवा, असं त्याचं म्हणणं. आपण बरोबर उलट केलं. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं युनिटावर नाही, अश्वशक्तीवर आकारली गेली. एकदा ठरावीक रक्कम धरली की मोटर तासभर चालली काय आणि रात्रभर चालली काय. आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिलच नाही. अण्णांचं बिल शून्यावर आलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू; कांद्यानं कितीदा रडवलंय त्यांना, एक तरी ओझं उतरलं. रोनाल्ड कोसचा उपाय निराळा. १९६० साली तो म्हणाला की हक्क कुणाचा ते स्पष्ट असेल आणि बोलण्या-ठरवण्याला खर्च नसेल, तर शेजारी आपसात मिटवतील. हक्काचं एक वेळ बाजूला ठेवू. पण पेढे घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी वाटाघाटी सुरू कशा करायच्या? "देव पावला" म्हटल्यानंतरचं वाक्य कुठलं? चाळीस वर्षांचा शेजार, आजारपणात एकमेकांच्या गाड्या, बांधावरच्या आंब्याची वाटणी. कोसच्या हिशेबात हा बोलण्याचा खर्च धरलेला होता का, मला माहीत नाही. अण्णांच्या हिशेबात तो सगळ्यात मोठा होता.

आणि यात नुसती शेतकऱ्याची हाव बघणाऱ्यांचा मला राग येतो. पुण्यात आमच्या सोसायटीला मार्चपासून टँकर लागतात. कमिटी पावती दाखवते: खेपेमागे इतके रुपये. त्यात डिझेल आहे, ड्रायव्हर आहे, मालकाचा नफा आहे. ज्या गावच्या विहिरीतून तो भरून येतो, तिथल्या बाकीच्यांच्या उतरलेल्या पाण्याला त्या पावतीत ओळ नाही. रेल्वेच्या जमाखर्चात रान नव्हतं, तसंच.

शेततळ्याचंही असंच काहीसं होऊन बसलं. कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची होती, आणि ती चांगलीच होती. प्रत्यक्षात आमच्या बाजूला पुष्कळ शेततळी बोअरच्या पाण्यानं भरतात. जमिनीत आहे तोवर ते पाणी कुणाचंच नाही. वर काढून ५०० मायक्रॉनच्या काळ्या प्लॅस्टिकवर ओतलं की ते माझं. चैत्राच्या उन्हात त्यातलं कितीतरी वाफ होऊन जातं, तरी मालकाला परवडतं, कारण जे जमिनीत ठेवलं असतं ते शेजाऱ्यानं नेलं असतं. उरलेलं तरी आपलं. हा हिशेब मूर्खपणाचा नाही, हीच खरी अडचण आहे. मागं एका उन्हाळ्यात माथ्यावर गावानं श्रमदान करून सलग समतल चर खणले. त्यात भूमिहीन होते, शाळेतली पोरं होती, पुण्याहून गेलेल्या आम्ही माहेरवाशिणी होतो. पावसाळ्यात चर भरले, खालच्या विहिरींना पाणी वाढलं, आणि वाढलेल्या पाण्याच्या भरवशावर दिवाळीनंतर नवे बोअर झाले. घाम सगळ्यांचा जिरला; पाणी ज्याची मोटर मोठी त्याचं.

आमच्याच तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे येऊन राहिले. माणूस पुण्याचा कारखानदार. त्यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीपासूनच सोडवलं. एकर किती ते बघायचं नाही, घरात माणसं किती ते बघायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. अण्णा त्यांच्या सभांना जायचे. "पटायचं सगळं," ते सांगतात, "पण घरी आलं की चुलते म्हणायचे, विहीर आपल्या बापानं खणली, माणशी कुठनं काढलं?" नगरच्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवतात. हे सगळं वाचताना माझं लक्ष बंदीपेक्षा त्या मोजण्याकडे गेलं. आजोबांच्या पारावर विहिरीची नववी पायरी बोलली जायची, तीच गोष्ट इथं वहीत होती.

अर्थशास्त्राचं नोबेल २००९ साली पहिल्यांदा एका बाईला मिळालं, एलिनॉर ऑस्ट्रॉमना. त्यांचा १९६५ चा प्रबंध भूजलावरच होता, लॉस एंजलिसजवळच्या वेस्ट बेसिनवर. उपसा इतका झाला की समुद्राचं खारं पाणी आत सरकायला लागलं. १९४५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, वादी-प्रतिवादी मिळून शेकडो उपसणारे. शेवटी निकालापेक्षा समेट महत्त्वाचा ठरला: प्रत्येकानं उपसा कमी करायचा, आणि एका तटस्थ अधिकाऱ्यानं दर वर्षी कुणी किती उपसलं ते नावासकट प्रसिद्ध करायचं. बाकीचे कमी करतायत हे दिसल्याशिवाय कुणीच कमी करणार नव्हता. भैरवनाथाच्या कर्ण्याचा कॅलिफोर्नियातला अवतार, असं मी वर्गात सांगते. पोरं हसतात, लिहून मात्र घेत नाहीत. परीक्षेत येत नाही ना.

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेचं अण्णांनी फोनवर सांगितलं. कृषी पदवी घेऊन गावात परतलेल्या एका पोरानं ठराव मांडला: दर महिन्याला सगळ्या विहिरींची आणि बोअरची पातळी मोजायची आणि पंचायतीच्या भिंतीवर मालकाच्या नावासकट लिहायची. बोअरमध्ये वायर सोडून पाणी लागल्यावर वाजणारं यंत्र मिळतं, असंही त्यानं सांगितलं. ऐकताना मला वाटलं, झालंच की काम! तर मागून एकजण उठला. "उद्या बँकेचा साहेब वाचंल. सोयरीक घेऊन येणारं वाचतील. आमच्याकडं पाणी नाही म्हणून भिंतीवर लिवून ठिवायचं, आन् मग पोरांची लग्नं कुठनं व्हायची?" पुष्कळ माना हलल्या. अण्णांचीही हलली असणार; ते बोलले नाहीत, पण त्यांना मी ओळखते. मला याचं उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. दिसण्याचीही किंमत असते आणि ती ज्याची विहीर आधी आटते त्यालाच जास्त मोजावी लागते, हे ऑस्ट्रॉमबाईंचं नाव घेऊन मी त्याला काय समजावणार?

मग वस्तीवरची एक बाई बोलली. ती ग्रामसभेत सहसा बोलत नाही, अण्णा म्हणाले. "आमची ना हीर ना बोर. आमी हापशावर भरतो. नानांचा बोर झाल्यापसनं तो दुपारचा हवा मारतोय. त्यो आटला तर भितीवर कुणाचं नाव लिवणार तुमी?" नाना खाली बघत होते. सरपंचांनी तिला उत्तर द्यायला घसा खाकरला, तेवढ्यात लाइट आली आणि मोटर चालू झाल्याचं सांगायला निम्म्या सभेचे मोबाइल एकदम वाजू लागले.